कृष्णाकाठची शेतफेरी : पेढीवरून बांधावर

किराणा, भुसार, गूळ, हळद आणि मसाले यांच्या व्यापारात आपल्या समाजातील कितीतरी घराण्यांच्या तीन-चार पिढ्या गेल्या. पेढीवर बसणारा मुलगा हळकुंड मोडून त्याचा कस सांगतो, गुळाचा खडा जिभेवर ठेवून तो नवा की जुना हे ओळखतो आणि बाजार चढणार की उतरणार याचा अंदाज घेतो. मात्र हळदीचे पान कसे असते, ती जमिनीतून कोणत्या महिन्यात निघते, काहिलीतील रसाचा गूळ व्हायला किती वेळ लागतो, असे विचारले तर तो गप्प बसतो. भाव ठाऊक, पण रोप अनोळखी, अशी आजच्या अनेक घरांतील स्थिती आहे. आता नमुना पुडीतून येतो, सौदा फोनवर होतो आणि माल थेट गोदामात उतरतो. मधला माणूस, म्हणजे शेतकरी, दिसतच नाही.

हे अंतर कमी करण्याचा एक सोपा आणि आनंददायी मार्ग आहे. हिवाळ्यातील एक रविवार काढावा, घरातील लहानथोरांना गाडीत घ्यावे आणि ज्या मातीतून आपला माल येतो त्या मातीवर दिवसभर फिरून यावे. अशा फेरीसाठी सांगली आणि शिरोळ तालुक्याचा कृष्णाकाठ फार सोयीचा आहे. सांगली, हरिपूर, जयसिंगपूर, शिरोळ, नृसिंहवाडी, कुरुंदवाड, खिद्रापूर आणि परत सांगली, असा हा फेरा शंभर किलोमीटरच्या आसपास भरतो. रस्ता सपाट आहे, दोन्ही बाजूंना ऊस आणि हळद आहे, दर काही मैलांवर नदी भेटते. वाटेत पोटाला जे मिळते ते बहुतेक आपल्या आहारनियमांत बसणारे आहे, आणि जे बसत नाही त्याला जागच्या जागी चांगला पर्याय आहे.

कधी निघावे?

जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ उत्तम. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेटलेली गुऱ्हाळे तेव्हा जोरात असतात, हळदीची काढणी सुरू झालेली असते, शाळूची कणसे भरत आलेली असतात आणि हरभऱ्याचे घाटे टपोरे झालेले असतात. चातुर्मास संपलेला असल्याने प्रवासाचाही प्रश्न राहत नाही. तिथी पाहून दिवस ठरवावा. अष्टमी-चतुर्दशीला हिरवे वर्ज्य करणाऱ्या घरांनी तो दिवस टाळला तर ओला हरभरा आणि कोवळ्या पालेभाज्या मुलांना शेतातच चाखता येतील.

या दिवसांत सांगलीकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास मावळतो. नवकारशी पाळणाऱ्यांनी घरीच न्याहारी करून आठ-सव्वाआठला निघावे. चौविहार असणाऱ्यांनी संध्याकाळच्या जेवणाचा डबा बरोबर ठेवावा, म्हणजे परतीची घाई होत नाही. गाळलेले पाणी पुरेसे घ्यावे. शेतात चालायचे असल्यामुळे पायांत साधी, घट्ट पादत्राणे असावीत. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ज्या शेतावर किंवा गुऱ्हाळावर जायचे तेथे दोन दिवस आधी विचारून घ्यावे. व्यापारी घरांना ही ओळख शोधावी लागत नाही. ज्या अडत्याकडून आपण माल घेतो, त्यालाच सांगितले तर तो आनंदाने आपल्या एखाद्या शेतकऱ्याशी गाठ घालून देतो.

हरिपूर : हळद आणि पेव

सांगलीपासून चार-पाच किलोमीटरवर हरिपूर हे गाव आहे. येथे वारणा कृष्णेला मिळते. संगमावर संगमेश्वराचे मंदिर आणि घाट आहे. ‘संगीत शारदा’ लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल याच गावचे. सकाळच्या कोवळ्या उन्हात दोन नद्यांचे पाणी एकमेकांत मिसळताना पाहून दिवसाची सुरुवात करावी. नंतर गाडी हळदीकडे वळवावी.

हळद साधारण अक्षय्य तृतीयेच्या सुमारास लावतात आणि आठ-नऊ महिन्यांनी काढतात. काढणीच्या वेळी पाने पिवळी पडून वाळतात, ती आधी कापून घेतात, मग कुदळीने किंवा यंत्राने जमीन उकरून कंद बाहेर काढतात. मातीने माखलेला तो कंद हातात घेतला की मुलांना पहिला धक्का बसतो, कारण बाहेरून तो पिवळा मुळीच दिसत नाही. नखाने साल खरवडली की आतून केशरी-पिवळा रंग उमटतो आणि बोटांवर दोन दिवस राहतो. मधला जाड भाग म्हणजे गड्डा, त्याला फुटलेली बोटे म्हणजे हळकुंडे. गड्डे आणि हळकुंडे वेगळी करून काहिलीत किंवा वाफेच्या यंत्रात शिजवतात, मग दहा-पंधरा दिवस उन्हात वाळवतात. हळकुंड मोडताना खणकन आवाज आला म्हणजे ते नीट वाळले. शेवटी फिरत्या पिंपात घालून वरची साल घासून काढतात, तेव्हा कुठे ते आपल्या पेढीवरच्या हळकुंडासारखे दिसू लागते.

हिशेबाची सवय असलेल्या मुलांना येथे एक आकडा अवश्य सांगावा. शंभर किलो ओल्या हळदीतून सुकी हळद सुमारे वीस-पंचवीस किलोच मिळते. नऊ महिन्यांचे पाणी, खत, भांगलण आणि काढणी, त्यानंतर शिजवण्याचे जळण आणि वाळवणीची मजुरी, हे सारे त्या एका पंचमांशात भरून यायचे असते. वाळवणीच्या दिवसांत एक अवकाळी सर आली तरी खळ्यावर पसरलेला माल काळवंडतो. बाजारात अशा मालाला आपण चटकन ‘डागी’ म्हणतो. तो डाग कोणत्या रात्री पडला हे खळ्यावर गेल्याशिवाय कळत नाही.

आपल्या आहारविचाराच्या दृष्टीनेही हे खळे शिकवणारे आहे. ओली हळद आणि ओले आले हे कंद म्हणून बहुतेक जैन घरांत वर्ज्य आहेत, परंतु उन्हात पूर्ण वाळून निर्जीव झालेली हळद आणि सुंठ चालते. हा भेद मुले आजीकडून ऐकत आलेली असतात. ओला कंद आणि सुके हळकुंड शेजारीशेजारी हातांत घेतल्यावर त्यामागील विचार त्यांना अधिक समजावून सांगावा लागत नाही.

हरिपूरचे दुसरे वैशिष्ट्य म्हणजे पेव. पेव म्हणजे जमिनीत खोदलेले, तोंडाशी अरुंद आणि आत रुंद असे धान्य-मालाचे कोठार. येथील जमिनीची प्रत अशी की त्यात हळद वर्षानुवर्षे कीड न लागता टिकत असे. तोंड मातीने लिंपून बंद केले की आत हवा राहत नाही, आणि हवा नाही म्हणून कीडही नाही. पेव उघडल्यावर लगेच कोणी आत उतरत नाही, आतील कोंडलेली हवा बाहेर पडू देतात आणि मगच माणूस उतरतो. औषध न फवारता, एकही जीव न मारता माल जपण्याची ही रीत आपल्या विचाराला किती जवळची आहे! गोदामे आणि शीतगृहे आली, महापुरांनी पेवांचे मोठे नुकसान केले आणि त्यांचा वापर बराच घटला. जाणत्या माणसाला विचारून एखादे जुने पेव पाहायला मिळाले तर ती संधी सोडू नये.

सांगलीची हळदपेठ देशातील अग्रगण्य पेठांपैकी एक आहे. २०१८ साली ‘सांगली हळद’ या नावाला भौगोलिक मानांकन मिळाले. रविवारी बाजार समितीत सौदे नसतात. ज्यांना प्रत्यक्ष सौदा पाहायचा आहे त्यांनी कामकाजाचा दिवस निवडावा.

जयसिंगपूरकडे : भडंग आणि पेठेची आखणी

हरिपूरहून सांगलीत येऊन कोल्हापूरच्या रस्त्याला लागले की अंकलीला कृष्णेचा पूल लागतो. पूल ओलांडला की सांगली जिल्हा मागे पडतो आणि कोल्हापूर जिल्ह्याचा शिरोळ तालुका सुरू होतो. थोड्याच वेळात जयसिंगपूर येते. हे शहर आपोआप वाढलेले नव्हे. राजर्षी शाहू महाराजांनी आपले जनक पिता जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने ही पेठ वसवली. त्यापूर्वी १८९५ साली त्यांनी कोल्हापुरात शाहूपुरीची गुळाची पेठ उभी केली होती. शेतकऱ्याचा माल विकायला जवळ हक्काची जागा हवी आणि व्यापाऱ्याला निर्धास्तपणे पेढी घालता यायला हवी, ही दोन्ही बाजूंची गरज त्या काळी एका राजाने ओळखली. जयसिंगपूरच्या सरळ, एकमेकांना काटकोनात छेदणाऱ्या गल्ल्यांतून गाडी नेताना हे मुलांना सांगण्यासारखे आहे.

सांगली-जयसिंगपूरचे भडंग प्रसिद्ध आहे. चुरमुऱ्यांना तेल, तिखट, हळद, शेंगदाणे आणि मसाला लावून केलेला हा कुरकुरीत पदार्थ टिकतोही पुष्कळ दिवस. मात्र नेहमीच्या भडंगात लसूण सढळ हाताने घातलेला असतो. बिनलसणाचे भडंग अनेक दुकानांत वेगळे मिळते. ते मागताना पुडीवरील घटक वाचून घ्यावेत, कारण लसूण पुष्कळदा तयार मसाल्यातूनही येतो. घरून कढीपत्ता, तीळ आणि सुक्या खोबऱ्याची चटणी नेली तर साध्या चुरमुऱ्यांना ती लावून शेताच्या बांधावर उत्तम भडंग होते.

गुऱ्हाळ : रंग कोणाला हवा आहे?

या फेरीचा गाभा म्हणजे गुऱ्हाळ. शिरोळ आणि हातकणंगले भागात, तसेच कोल्हापूरच्या दिशेने, आजही गुऱ्हाळे चालतात. पूर्वीइतकी ती राहिलेली नाहीत. साखर कारखाने ऊस एकदम उचलतात, गुऱ्हाळाला लागणारे कसबी मजूर मिळत नाहीत आणि गुळाचा भाव हंगामात कधी कोसळेल याची शाश्वती नसते. जी चालू आहेत, तेथे एक-दोन तास बसण्यासारखे सुख दुसरे नाही.

एका बाजूला चरकात ऊस जातो आणि रस गाळून हौदात पडतो. पिळलेली चिपाडे आवारात वाळत पडतात, आणि तीच जळण म्हणून चुलाणात जातात. चुलाणावर भली मोठी काहील असते. रस तापू लागला की वर मळी येते. ती चांगली सुटून यावी म्हणून रानभेंडीच्या खोडाचा चिकट रस घालण्याची जुनी पद्धत आहे. मळी काढत काढत दोन-तीन तास रस आटवतात. आटत आलेला रस दाट, तांबूस, मधासारखा झाला की ती काकवी. आपल्याकडे मध वर्ज्य असल्याने गरम भाकरीवर काय घ्यावे असा प्रश्न ज्या मुलांना पडतो, त्यांच्यासाठी काकवी आणि तूप यांसारखे उत्तर नाही. काकवी पुढे आणखी आटते, मोठमोठे बुडबुडे येऊ लागतात आणि मग सगळ्यांचे डोळे गुळव्याकडे लागतात.

गुळव्या म्हणजे या कामातील जाणता कारागीर. तो काहिलीतील पाकाचे थोडे थेंब थंड पाण्यात टाकतो आणि बोटांनी वळून पाहतो. गोळी वळली, भांड्यावर आपटून टणक वाजली की काहील उतरवायची. त्या वेळी पाकाचे तापमान साधारण ११५ ते ११८ अंश सेल्सिअस असते. दोन-चार मिनिटे अलीकडे उतरवली तर गूळ चिकट राहतो, पलीकडे गेली तर करपतो. हातात तापमापक न घेता गुळव्या हे पिढ्यानुपिढ्या साधत आला आहे. काहील वाफ्यात ओतली जाते, घोटली जाते आणि साच्यांत भरली जाते. कोल्हापूरच्या बाजारात रूढ असलेला रवा तीस किलोचा. अलीकडे एक किलोच्या आणि अर्ध्या किलोच्या लहान ढेपाही निघतात. एक टन उसापासून साधारण ११० ते १२० किलो गूळ मिळतो, हेही हिशेबात धरावे.

येथेच व्यापारी घरातील माणसाने थोडे थांबून एक प्रश्न स्वतःला विचारावा. नुसत्या रानभेंडीने आणि थोड्या चुन्याने केलेला गूळ तपकिरी, तांबूस असतो. बाजाराला मात्र पिवळाधमक गूळ हवा असतो. तो रंग आणण्यासाठी कित्येक ठिकाणी सोडियम हायड्रोसल्फाइट, म्हणजे बोलीभाषेत ‘हायड्रोस’, वापरतात. त्याने रंग उजळतो, परंतु गंधकाचा अंश गुळात उरतो, आणि हा उजळ गूळ पुढे फार काळ तसा राहतही नाही. गुऱ्हाळमालकाला हे कळत नाही असे मुळीच नाही. तो रंग घालतो, कारण रंगाला भाव आहे. तपकिरी रवा सौद्यात कमी भावाने जातो आणि पिवळा वरच्या भावाने.

हा भाव ठरवते कोण? कोल्हापूरच्या गुळाचा मोठा ग्राहक पूर्वापार गुजरात आहे, आणि त्या मार्गावरील खरेदीदार, अडते, घाऊक व किरकोळ दुकानदार यांत आपलीच माणसे पुष्कळ आहेत. ग्राहक पिवळा गूळ मागतो म्हणून दुकानदार मागतो, दुकानदार मागतो म्हणून अडत्या मागतो, अडत्या मागतो म्हणून गुऱ्हाळात पुडी उघडते. साखळीतील प्रत्येक जण पुढच्याकडे बोट दाखवतो. पण ग्राहकाशी समोरासमोर बोलणारा माणूस या साखळीत एकच आहे, तो म्हणजे गल्ल्यावर बसलेला दुकानदार. ‘हा गूळ काळसर का?’ असे गिऱ्हाईकाने विचारले की दोन वाक्यांत उत्तर देणे त्याच्या हाती आहे. ते उत्तर द्यायला त्याने गुऱ्हाळ पाहिलेले असावे लागते.

हळदीलाही हेच लागू आहे. पूड अधिक पिवळी दिसावी म्हणून मेटॅनिल यलो किंवा लेड क्रोमेट यांसारखे रंग मिसळणे कायद्याने गुन्हा आहे आणि प्रकृतीला घातक आहे. ज्याने खळ्यावरची हळद पाहिली आणि हुंगली आहे, त्याला भेसळीच्या चकाकीचा संशय लवकर येतो.

बांधावरचे जेवण

दुपारी जेवण शेतकऱ्याच्या घरी किंवा शेतातील झाडाखाली ठरवावे. शिरोळ, हातकणंगले, मिरज आणि सीमेपलीकडील चिकोडी भागात शेती करणारी जैन घरे पिढ्यानुपिढ्या आहेत. त्यामुळे बिनकांद्या-लसणाचे जेवण येथे कोणाला नवे नाही. तरीही आपले नियम आधीच स्पष्ट सांगावेत. कोल्हापुरी कांदा-लसूण चटणी या भागात इतकी अंगवळणी आहे की ती आमटीत नकळत पडते.

पानात काय मागावे? शाळूची पातळ भाकरी, हरभऱ्याच्या पाल्याची किंवा चाकवताची भाजी, पावट्याची आमटी, तिळाची चटणी, घट्ट दही आणि शेवटी खपली गव्हाची खीर. तिला कन्नड वळणाने हुग्गी म्हणतात. खपली हा जुना गहू, साल दाण्याला घट्ट चिकटलेली, म्हणून तो सडून घ्यावा लागतो. सडलेला गहू रात्रभर भिजवून, मऊ शिजवून त्यात गूळ, सुके खोबरे, वेलदोडा आणि सुंठ घालतात आणि वर तूप सोडतात. सकाळी गुऱ्हाळावर पाहिलेला गूळ दुपारी पानात आलेला पाहून मुलांना जो आनंद होतो तो हॉटेलच्या जेवणात कुठला? कृष्णाकाठची वांगीही नावाजलेली आहेत. बहुबीज म्हणून जी घरे वांगे घेत नाहीत त्यांनी त्याऐवजी घेवडा सांगावा.

शेतात फिरताना घरमालकाचे नियम पाळावेत. न विचारता काही तोडू नये, पाण्याच्या पाटात पाय घालू नये, बांध मोडू नये. आणि जे विकत घ्याल त्याची घासाघीस करू नये. आठवड्यातील सहा दिवस आपण भाव करतोच. सातव्या दिवशी शेतकऱ्याच्या दारात त्याने सांगितलेली किंमत द्यावी.

पांढरी पडलेली जमीन

जेवणानंतर यजमानाला एक विनंती जरूर करावी, ‘तुमच्या भागातील क्षारपड जमीन दाखवा.’ शिरोळ तालुक्यातून कृष्णा, वारणा, पंचगंगा आणि दूधगंगा अशा चार नद्या जातात. पाणी मुबलक, जमीन काळी आणि भारी, पीक उसाचे. वर्षानुवर्षे पाटाने भरपूर पाणी दिल्याने जमिनीखालील पाण्याची पातळी वर आली. त्या पाण्याबरोबर क्षार वर चढले, पाणी उन्हाने उडून गेले आणि क्षार मागे राहिले. परिणामी कित्येक एकर सुपीक रान पांढरे पडून निरुपयोगी झाले. हिरव्यागार उसाच्या शेजारी ओसाड, मीठ सांडल्यासारखे रान पाहिले की अति पाणी हेही संकट असते हे पटते.

समाधानाची गोष्ट अशी की या तालुक्यात सहकारी संस्थांच्या आणि शेतकऱ्यांच्या एकत्रित प्रयत्नांतून अशी जमीन परत सुधारण्याचे मोठे काम झाले आहे. जमिनीखाली सुमारे एक मीटर खोलीवर छिद्रे असलेल्या नळ्यांचे जाळे टाकतात. जादा पाणी त्यांत झिरपते, क्षार घेऊन नाल्याकडे निघून जाते आणि हळूहळू रान पुन्हा पिकाखाली येते. हे एकट्या शेतकऱ्याने होत नाही. पाणी पुढे जायला शेजाऱ्याच्या रानातून वाट लागते, म्हणून दहा-वीस जणांना एकत्र यावे लागते. शेजाऱ्याने नकार दिला तर सगळ्यांचेच रान पांढरे राहते.

नृसिंहवाडी आणि कुरुंदवाड

शिरोळहून नृसिंहवाडी जवळच. येथे पंचगंगा कृष्णेला मिळते. दत्तस्थान म्हणून हे क्षेत्र सर्वदूर प्रसिद्ध आहे. घाटाच्या विस्तीर्ण पायऱ्यांवर बसून संगम पाहताना दुपारचा शीण उतरतो. वाडीची बासुंदी, पेढे आणि कवठाची बर्फी ही तिन्ही घ्यावीत. कवठाची बर्फी इतरत्र सहसा मिळत नाही. कवठाचा आंबटगोड गर साखरेत आटवून ती करतात. बासुंदी मात्र तेथेच, त्याच दिवशी खावी, दूरच्या प्रवासात नेऊ नये.

घाटावर बसलेल्या मुलांना पुराची गोष्ट सांगितली पाहिजे. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षी या सर्व भागाला महापुराने वेढले. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फुटांची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या पुढे गेले. हळद, ऊस आणि भाजीपाला कित्येक दिवस पाण्याखाली राहिला, गोठ्यांतील जनावरे दगावली, सांगलीच्या पेठेतील व्यापाऱ्यांची दुकाने आणि गोदामेही बुडाली. त्या दिवसांत शेतकरी आणि व्यापारी यांचे नुकसान एकाच पाण्याने केले. अनेक जैन बोर्डिंग, मंगल कार्यालये, शाळा आणि मंदिरांतून पूरग्रस्तांच्या जेवणाची व निवाऱ्याची सोय झाली, हे या भागातील लोक आजही सांगतात.

खिद्रापूर : दिवसाची अखेर

वाडीहून कुरुंदवाडवरून खिद्रापूरला सुमारे वीस किलोमीटर. साडेचारपर्यंत पोहोचावे, म्हणजे तिरपे ऊन दगडावर पडलेले दिसते. शिलाहार काळातील, बाराव्या शतकातील कोपेश्वर मंदिर महाराष्ट्रातील श्रेष्ठ मंदिरांपैकी एक आहे. समोरचा स्वर्गमंडप ४८ खांबांचा, आणि मध्ये छताला गोल मोकळे आकाश. पायथ्याशी हत्तींची रांग आहे. दक्षिणेकडे यादव राजा सिंघण याचा शिलालेख आहे. मंदिरासमोर नंदी नाही, हे येथील वेगळेपण, आणि त्यामागची पुराणकथा गावातील कोणीही सांगतो.

त्याच गावात, थोड्याच अंतरावर, भगवान आदिनाथांचे प्राचीन जैन मंदिर आहे. कोपेश्वराची गर्दी पाहून बरेच जण तेथूनच परत फिरतात. आपण तसे करू नये. दिवसभर शेतात फिरून आल्यावर आदिनाथांच्या दर्शनाला वेगळा अर्थ येतो. असि, मसि, कृषि, विद्या, शिल्प आणि वाणिज्य ही सहा कर्मे भगवान ऋषभदेवांनी लोकांना शिकविली, असे आपली परंपरा मानते, आणि आचार्य जिनसेनांच्या आदिपुराणात ते वर्णन आहे. त्या यादीत कृषी आणि वाणिज्य यांपैकी एक वरचे आणि दुसरे खालचे असे कोठेही नाही. दोन्ही उपजीविकेची साधने, दोन्ही विवेकाने करायची. कोल्हापूर-सांगलीकडील जैन समाजात आजही एकाच घरातील एक भाऊ शेती करतो आणि दुसरा पेढी पाहतो, हे त्याच परंपरेचे चालते-बोलते रूप आहे.

सव्वापाचच्या सुमारास गावाबाहेर सावलीत डबा सोडावा आणि सूर्यास्तापूर्वी जेवून घ्यावे. तेथून सांगलीला परतायला तासभर पुरतो. ज्यांना मुक्काम करायचा आहे त्यांनी दुसऱ्या दिवशी हातकणंगले तालुक्यातील बाहुबली (कुंभोज) येथे जावे. भगवान बाहुबलींची २८ फुटी संगमरवरी मूर्ती, टेकडीवरील मंदिरे आणि गुरुकुल पाहण्यासारखे आहे.

सोमवारी पेढीवर

सहल संपली म्हणजे विसरली, असे होऊ नये. गाडीतून दोन-चार ढेपा आणि हळकुंडाची पिशवी घरी आली असेलच. त्यातील बिनरसायनाची तपकिरी ढेप दुकानात पिवळ्या ढेपेशेजारी ठेवावी, वर साध्या अक्षरांत ‘रंग न घातलेला गूळ’ असे लिहावे आणि किलोमागे जो फरक असेल तो प्रामाणिकपणे सांगावा. पहिल्या आठवड्यात चार गिऱ्हाइके घेतील, पुढच्या महिन्यात चाळीस. मागणी आली की अडत्याकडे तसा माल नेमका मागता येतो. ज्या गुऱ्हाळावर आपण गेलो त्याच्याशी हंगामापुरता ठरलेल्या भावाचा करार करता आला तर फारच उत्तम. ‘कोल्हापुरी गूळ’ या नावाला २०१४ सालापासून भौगोलिक मानांकन आहे. त्या नावाची पत राखणे गुऱ्हाळवाल्याइतकेच आपलेही काम आहे.

आणखी एक करावे. ज्या शेतकऱ्याने जेऊ घातले, त्याचा दूरध्वनी क्रमांक मुलाच्या हातून पेढीच्या वहीत लिहून घ्यावा. पुढच्या पावसाळ्यात कृष्णेला पूर आल्याची बातमी आली की भावाची चौकशी करण्याआधी त्या घरी फोन करावा आणि सगळे सुखरूप आहेत ना, एवढे विचारावे.